कॉम्प्युटरच्या पोटातली धूळ

आमचे घर वडगावात. पुढे सोपा, मधली खोली आणि मागच्या शेडमध्ये दोन यंत्रमाग. माग चालू असले की सुताचे बारीक तंतू घरभर फिरतात. जेवताना कुणी पाण्याला उठले तर ताटावर झाकण ठेवून उठते. अशा घरात मधल्या खोलीतल्या टेबलाखाली, थेट जमिनीवर, आमचा कॉम्प्युटर उभा. अंगावर फुलाफुलांचे प्लास्टिकचे कव्हर. दर खंडेनवमीला मागाच्या जोडीने त्यालाही हळद-कुंकू आणि झेंडूचे फूल. पण पूजेआधी माग झाडून, पुसून, तेल घालून लख्ख व्हायचा. कॉम्प्युटरवरून नुसते फडके फिरायचे.

याची किंमत आम्ही एकदा मोजली आहे. 2014 साली आमचा पहिला कॉम्प्युटर दहा मिनिटे चालायचा आणि आपोआप बंद पडायचा. दुरुस्तीवाल्याने वरवर बघून निकाल दिला, "काकू, मदरबोर्ड गेलाय. ह्यात आता पैसे घालू नका." आम्ही तो भंगारात देऊन टाकला. आदल्याच वर्षी माझे सासरे, अण्णा, गेले होते. मागाशेजारी उभे राहून नातीला साडीचा काठ दाखवत असतानाचे त्यांचे फोटो त्याच कॉम्प्युटरमध्ये होते. हार्ड डिस्क आधी काढून घ्यायची असते, हे आम्हाला कुठे ठाऊक!

यंदा गणपती झाल्यावर नव्या कॉम्प्युटरनेही तेच सुरू केले. आतला पंखा गिरणीसारखा घुमायचा आणि साड्यांचा हिशेब अर्ध्यावर असताना पडदा काळा. माझ्या पोटात गोळाच आला. पुण्याला मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, कुणाला बोलावू नकोस. आधी उघडून बघ."

उघडण्याआधी तिने एक काम करायला लावले. सगळे फोटो आणि हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. तीन वेळा बंद पडला, पण उतरले.

मग कॉम्प्युटर रीतसर बंद केला. नुसते बटण बंद करून भागत नाही, भिंतीतली पिन काढायची. मागच्या वायरी काढण्याआधी मोबाइलवर त्यांचा फोटो काढून ठेवला, म्हणजे परत लावताना गोंधळ नको. सगळ्या वायरी सुटल्यावर चालू करायचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरले. आत उरलेली वीज त्याने निघून जाते. डबा उचलून अंगणात स्टुलावर ठेवला आणि नाकाला रुमाल बांधला. मागचे दोन स्क्रू काढून डाव्या बाजूचा पत्रा मागे सरकवला.

आत काय असावे? प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा असतो, त्याला हीट सिंक म्हणतात. प्रोसेसरची उष्णता त्या पट्ट्यांत चढते आणि वरचा पंखा ती उडवून लावतो. आमच्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर घोंगडीच्या तुकड्यासारखा करडा थर बसला होता. हवेला वाटच नाही. मग प्रोसेसर तापतो, पंखा जीव तोडून फिरतो आणि शेवटी जळू नये म्हणून कॉम्प्युटर स्वतःच बंद पडतो. म्हणजे तो बिघडला नव्हता, स्वतःला वाचवत होता.

मी घरातला व्हॅक्यूम क्लिनर आणायला निघाले, तर मुलगी फोनवरच ओरडली. त्याच्या नळीत स्थिर वीज तयार होते. आपल्याला तिचा चटकाही जाणवणार नाही, पण आतले नाजूक भाग तेवढ्याने निकामी होऊ शकतात. म्हणून आपण सुती कपडे घालायचे आणि आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला हात लावायचा. मधूनमधून पुन्हा लावायचा. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसरही नको. त्या हवेबरोबर पाण्याचे आणि तेलाचे थेंब येतात, जोरही फार असतो.

मऊ, कोरडा रंगाचा ब्रश आणि शेजाऱ्यांचा छोटा ब्लोअर एवढ्यावर काम झाले. ब्लोअर थोडा लांब धरून, थांबून थांबून मारायचा. पंख्याचे पाते मात्र बोटाने घट्ट धरून ठेवायचे. मोकळे सोडले तर ते वाऱ्याने भलत्याच वेगाने फिरते. बेअरिंग खराब होते, शिवाय फिरता पंखा स्वतःच वीज तयार करून बोर्डाकडे ढकलू शकतो. ओले फडके तर अजिबात नको. हीट सिंक जागेवरून हलवायचा नाही. हलवला तर खालची पेस्ट नव्याने लावावी लागते. पावर सप्लायचा डबाही उघडायचा नाही. पिन काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि तिचा धक्का जिवावर बेतू शकतो. त्याच्या जाळीतून बाहेरूनच हवा मारली.

मूठभर तरी तंतू निघाले. अण्णा मागाखालून झाडून काढायचे तसेच, तोच रंग. जोडणी करून बटण दाबले. पंखा फिरतोय का, हे कान लावून बघावे लागले. दोन तास हिशेब केला, एकदाही बंद पडला नाही.

रात्री मुलीला विचारले, "त्या जुन्यालाही हेच झालं असेल का गं?"

ती जरा वेळ गप्प राहिली. "असेलही, आई. आता कसं कळणार?"

आता कॉम्प्युटर जमिनीवर नाही, लाकडी पाटावर असतो, भिंतीपासून वीतभर पुढे. प्लास्टिकचे कव्हर तो बंद असतानाच घालते. इतर घरांत वर्षातून एक-दोनदा साफ केला तरी चालत असेल; आमच्याकडे मागांमुळे दर तीन महिन्यांनी पत्रा उघडते. येत्या खंडेनवमीला तो मागाबरोबरच अंगणात निघेल. फूल वाहीन, पण हवेच्या जाळीवर नाही.