गर्भावस्था आणि चीज : निर्धोक कोणते, वर्ज्य कोणते

गर्भावस्थेत कोणते चीज खाण्यास प्रत्यवाय नाही, हा प्रश्न नाशिकसारख्या शहरात दोन पिढ्यांपूर्वी फारसा उद्भवत नसे. दूध घरी येताच तापविले जाई. त्याचे दही, ताक वा चक्का होई. मुद्दाम दूध फाडून केलेले पदार्थ मात्र महाराष्ट्रीय स्वयंपाकात क्वचितच आढळत. आज पनीर नित्याचे झाले आहे. चीजच्या वड्या व चकत्या घरोघरी दिसतात. दिंडोरी व गंगापूर ह्या भागांत द्राक्षमद्याचे उद्योग वाढल्यापासून तेथील उपाहारगृहांतून परदेशी धर्तीची मऊ चीजेही पानावर येऊ लागली आहेत. तेव्हा गर्भिणीचे डोहाळे पुरविताना ह्या पदार्थांत तारतम्य कसे करावे, हे शास्त्रीय दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

ह्या बाबतीत मुख्य भय लिस्टेरिया नामक सूक्ष्मजंतूचे आहे. केंब्रिज येथील प्रयोगशाळेत सशांमध्ये पसरलेल्या साथीचा शोध घेताना १९२६ साली त्याचे प्रथम वर्णन झाले. माती, चारा, जनावरांचे शेण अशा ठिकाणी तो आढळतो व तेथून दुधात उतरू शकतो. त्याचा एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे : बहुतेक रोगजंतूंची वाढ शीतकपाटात खुंटते, परंतु हा जंतू ४ अंश सेल्सिअस तपमानातही सावकाश वाढत राहतो. म्हणून पदार्थ थंड ठेवला होता, एवढ्यावरून तो निर्धोक ठरत नाही.

निरोगी प्रौढ व्यक्तीस ह्या जंतूपासून सहसा फारसा उपद्रव होत नाही. गर्भावस्थेत मात्र शरीराच्या प्रतिकारशक्तीत बदल झालेला असतो. मातेला किंचित ताप, अंगदुखी वा पाठदुखी एवढीच लक्षणे जाणवतात आणि ती साधा ज्वर समजून दुर्लक्षिली जातात. तेवढ्या अवधीत जंतू वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, मृत अर्भकाचा जन्म अथवा नवजात बालकास मेंदूच्या आवरणाचा दाह, असे त्याचे परिणाम होतात. पदार्थ खाल्ल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत कधी कधी कित्येक आठवडे जातात, त्यामुळे कारण ध्यानी येणेही कठीण होते.

१९८५ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस परगण्यात उद्भवलेली साथ ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. मेक्सिकन पद्धतीच्या ताज्या, मऊ चीजमुळे पसरलेल्या त्या साथीत १४२ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी ९३ प्रकरणे गर्भवती स्त्रिया व त्यांची अर्भके ह्यांची होती. एकंदर ४८ मृत्यूंपैकी ३० मृत्यू गर्भस्थ व नवजात बालकांचे होते. पाश्चरीकरण केलेल्या दुधात कच्चे दूध मिसळले गेले असावे, असे अन्वेषणातून दिसून आले.

चीजची वर्गवारी करताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात : दूध तापविलेले होते काय, पदार्थात पाणी किती आहे, आणि आम्लता किती आहे. दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे अथवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवले असता हा जंतू मरतो. चेडर, पार्मेझान ह्यांसारख्या मुरविलेल्या कठीण चीजमध्ये पाणी कमी असल्याने त्याच्या वाढीस वाव राहत नाही. पाश्चरीकृत दुधाची अशी चीजे खाण्यास हरकत नाही. भारतात सर्वत्र मिळणारे प्रक्रिया केलेले चीज तयार होताना पुन्हा तापविले जाते, म्हणून तेही चालते. ह्याउलट ब्री व कामांबेर ह्यांवर पांढरी बुरशी वाढविलेली असते. ही बुरशी आम्ल खाऊन टाकते, पाणी भरपूर असतेच, आणि जंतूला अनुकूल भूमी तयार होते. रोकफोर, गोर्गोंझोला अशी निळ्या बुरशीची मऊ चीजेही ह्याच वर्गात येतात. दूध पाश्चरीकृत असले तरी गर्भिणीने ही चीजे न शिजविता खाऊ नयेत.

पनीराचा विचार थोडा निराळा आहे. ते करताना दूध चांगले तापवून मग आम्लाने फाडतात, त्यामुळे ताजे पनीर मुळात शुद्ध असते. परंतु त्यात पाणी बरेच आणि आम्लता बेताची. म्हणून पुढे हात, सुरी, फडके वा ज्या पाण्यात ते बुडवून ठेवतात ते पाणी ह्यांतून जंतू शिरल्यास त्यांची वाढ सुखाने होते. सुट्या पनीराचे तुकडे कच्चे खाणे टाळावे. तेच पनीर भाजीत घालून आतपर्यंत वाफ येईतो शिजविल्यास चिंता उरत नाही.

खरवसालाही हाच नियम लागू पडतो. नुकत्याच व्यायलेल्या जनावराच्या चिकात व कच्च्या दुधात ब्रुसेला हा दुसरा जंतू असू शकतो. जनावरांत तो गर्भपात घडवितो आणि मनुष्यास दीर्घकाळचा ज्वर आणतो. माल्टा बेटावरील ब्रिटिश शिबंदीत हा ज्वर शेळीच्या कच्च्या दुधामुळे पसरतो, असे १९०५ साली उघड झाले. पुढील वर्षी ते दूध बंद करताच रुग्ण झपाट्याने घटले. भारतात ह्या रोगाविरुद्ध ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना लस टोचतात. तथापि घरातील खरा बंदोबस्त उष्णतेचाच. चीक मध्यापर्यंत घट्ट होईतो वाफेवर उकडलेला असावा. धारोष्ण दूध पौष्टिक म्हणून गर्भिणीस देण्याची प्रथा मात्र सोडणेच श्रेयस्कर.

ह्या विवेचनावरून दुधाचे पदार्थच टाळावेत, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. शाकाहारी कुटुंबातील गर्भिणीस प्रथिने व कॅल्शियम मुख्यतः त्यांतूनच मिळतात, आणि भयापोटी ते वर्ज्य केल्यास वेगळेच नुकसान होते. चीजच्या नावापेक्षा त्याचा इतिहास महत्त्वाचा : दूध तापले होते काय, नंतर त्याला कोणाचा स्पर्श झाला, आणि ताटात येण्यापूर्वी ते पुन्हा तापले काय. शंका असल्यास पदार्थ वाफ येईपर्यंत गरम करावा. संशयास्पद पदार्थ खाण्यात आल्यावर ताप आला, तर गर्भवतीने विनाविलंब वैद्यकीय सल्ला घ्यावा व काय खाल्ले ते आवर्जून सांगावे. रक्ताच्या परीक्षेने जंतू ओळखता येतो, आणि वेळीच दिलेल्या प्रतिजैविकांनी गर्भाचे रक्षण होऊ शकते.