ऐंशीचं लॉक

१२०, मग १४०, आता १५०. टाटांची इलेक्ट्रिक नेक्सॉन २०२० साली आली तेव्हा कंपनीनंच तिला ताशी १२० किलोमीटरवर बांधून ठेवलं होतं. २०२२ च्या मॅक्समध्ये ते १४० झालं, २०२३ च्या नव्या मॉडेलात १५०. आमच्या घरातल्या पोरांना हे आकडे दहावीच्या टक्क्यांसारखे पाठ आहेत. भाच्याला विचारलं, बाबा रे, देशात कुठल्या रस्त्यावर दीडशेला परवानगी आहे? तो म्हणाला, ‘मामा, पळवायचीय कुणाला? पण निघत नाही म्हणून कुणी हसायला नको.’

हे उत्तर मला झोंबलं, कारण बीडमध्ये वेगाचं लॉक कुणाच्या गाडीला लागतं आणि कुणाच्या नाही, हे मी बरीच वर्षं बघत आलोय.

जुन्या काळाचं कौतुक मी सांगणार नाही. अॅम्बेसिडर ऐंशीच्या पुढं गेली की स्टिअरिंगच थरथरायचं. एसटीच्या डिझेल पंपाला सील, साठ-पासष्टच्या पुढं लाल गाडी हलायची नाही. काळी-पिवळीला मात्र कसलंच बंधन नव्हतं; आत माणसं कोंबलेली, मागं लटकलेली, आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. त्या प्रवासाच्या गोड आठवणी काढणाऱ्यांनी मांजरसुंब्याचा घाट तसा एकदा उतरावा.

माझ्या लेखी गोष्ट सुरू होते ३ जून २०१४ ला. केंद्रात मंत्री होऊन आठवडाच झालेले गोपीनाथ मुंडे बीडकडे यायला म्हणून दिल्लीत विमानतळाकडे निघाले आणि एका चौकात दुसऱ्या मोटारीनं त्यांच्या गाडीला धडक दिली. जिल्हा सत्काराच्या तयारीत होता, त्याला अंत्यसंस्काराची तयारी करावी लागली. त्यानंतर काही आठवडे चहाच्या टपरीवरसुद्धा मागच्या सीटच्या पट्ट्यावर चर्चा चालली. पट्टा मात्र कुणी लावला नाही. घातपाताची शंका सगळ्यांना पटायची, पट्ट्याचं पटायचं नाही.

पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल २०१५ ला, केंद्राची अधिसूचना आली. १ ऑक्टोबरपासून नव्या वाहतूक वाहनांना कारखान्यातूनच वेग नियंत्रक, मर्यादा ८०. टँकर, डंपर आणि शाळेच्या बसला ६०. काम सोपं: गाडी त्या आकड्याला पोचली की इंजिनाला जादा इंधन मिळत नाही, पाय कितीही दाबा. जुन्या गाड्यांना तो बाहेरून बसवायचा होता, आणि तिथंच धंदा उघडला. पासिंगपुरता डबा बसवायचा, प्रमाणपत्र घ्यायचं, पुढच्या ढाब्यावर जेवता जेवता वायर काढून टाकायची. ‘लॉक आहे का?’ असं विचारलं तर ट्रकवाला ‘कागदावर आहे’ म्हणायचा, आणि त्यात त्याला काही वावगं वाटायचं नाही.

पण माझा राग ट्रकवाल्यावर नाही. त्या नियमानं दुचाकीला सूट दिली, रुग्णवाहिकेला दिली, आणि आठ प्रवाशांपर्यंतच्या मोटारीलाही दिली. पुढं टॅक्सीची सूट गेली, खासगी मोटारीची राहिली. म्हणजे ज्या गाडीतून आठवडी बाजाराची माणसं जातात तिला लॉक, आणि ज्या गाडीतून गुत्तेदार, पुढारी आणि त्यांच्या मागून त्यांचे कार्यकर्ते जातात ती मोकळी. मोटारींच्या वाट्याला आला तो फक्त आवाज. १ जुलै २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांत ८० ओलांडलं की अधूनमधून टुणटुण, १२० ओलांडलं की अखंड. त्यावर आमच्याकडची पहिली चौकशी एकच होती: हा बंद करून मिळतो का?

त्याच सुमारास बीडवरून जाणारा येडशी ते औरंगाबाद रस्ता चौपदरी झाला. त्याआधी त्या रस्त्यावर जे भोगलं ते आठवलं की अजून पाठ दुखते. बिंदुसरेवरचा जुना पूल धोक्याचा ठरला, आणि पर्यायी रस्ता पुरानं नेला की बीडचे दोन तुकडे. तेव्हा चौपदरीचं मला कौतुकच आहे. दुभाजकानं समोरासमोरच्या धडका कमी होतात, हेही खरं. आणि हेही खरं की अशा रस्त्यावर साठ-पासष्टची एसटी साठच्या ट्रकला ओलांडायला निघाली की मैलभर दोन्ही लेन अडतात. तिचं लॉक ऐंशीपर्यंत सैल करा असं कुणी म्हटलं तर मी त्याच्या बाजूनं आहे. रस्ता बदलला की आकडा बदलावा. पण दीडशे कुठल्या रस्त्यासाठी?

२०१८ साली केंद्रानं द्रुतगती मार्गांची मर्यादा १२० आणि चौपदरी रस्त्यांची १०० केली. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ती अधिसूचना रद्द ठरवली. त्याच वर्षी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी द्रुतगती मार्गावर मर्यादा १४० असावी असं आपलं वैयक्तिक मत जाहीर केलं. वरची मंडळी असं बोलली की खालच्यांचा पाय आपोआप जड होतो.

मग १४ ऑगस्ट २०२२. ‘शिवसंग्राम’चे नेते विनायक मेटे मराठा आरक्षणाच्या बैठकीसाठी रात्रीतून बीडहून मुंबईला निघाले होते. पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ गाडी पुढच्या वाहनावर आदळली. बीडच्या माणसाला ही रात्रीची धाव ठाऊक आहे: जवळपास चारशे किलोमीटर, सकाळी मंत्रालयात हजर व्हायचं, मुंबईची रेल्वे नाही. (रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, आणि तीही अहिल्यानगरपर्यंतच.) आठ वर्षांत जिल्ह्यानं दोन मोठी माणसं रस्त्यावर गमावली. दोन्ही वेळा आम्ही कटाचाच शोध घेतला.

आता थोडा हिशेब. ८० च्या वेगानं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, १५० नं जवळपास ४२. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे १५० ला ती ८० च्या साडेतीन पट. बीडच्या रस्त्यावर दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यात कोयत्यांचा संसार, लेकरं, शेळ्या, आणि मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. तो ट्रॅक्टर वीसनं चाललाय आणि तुम्हाला साठ मीटरवर दिसला, तर ऐंशीनं जाणाऱ्याच्या हाती साडेतीन सेकंद असतात. दीडशेवाल्याच्या हाती दोनसुद्धा नाहीत. ब्रेकवर पाय जाईपर्यंत ते संपतात.

इलेक्ट्रिक गाडीला हे लॉक घालणं काहीच अवघड नाही. सगळा खेळ सॉफ्टवेअरचा, ढाब्यावर काढायला वायरही नाही. व्होल्वोनं २०२० मध्ये आपल्या सगळ्या मोटारी १८० वर बांधल्या. त्यांच्या रस्त्यांच्या मानानं तोही आकडा मोठाच, पण निदान कंपनी स्वतःहून खाली आली. आपल्याकडं १२० ला बांधलेली गाडी, समृद्धी महामार्गाच्या कमाल मर्यादेला तंतोतंत जुळणारी, आधीच तयार होती. ती सोडवली गेली आणि जाहिरातीत त्याला प्रगती म्हटलं गेलं. इकडं पंचवीसच्या लॉकची, लायसन न लागणारी ई-बाईक कुणी सैल केली तर परिवहन खातं कारवाईची मोहीम काढतं. २०२२ साली काढलीही. पंचवीसची पन्नास केली तर गुन्हा, १२० ची १५० केली तर नवं मॉडेल. ट्रॉलीत बसून कारखान्याला निघालेल्या माणसाला यातला फरक कुणी समजावून सांगणार असेल, तर मलाही तो ऐकायचाय.