एक गाव, दोन राजधान्या : देवासच्या जुन्या पेठेत पुन्हा एकदा

इंदूरहून देवास फार तर 35-40 किलोमीटर. तरीही आपल्यापैकी ज्यांचं माहेर, आजोळ किंवा जन्मगाव देवास आहे, त्यांचं तिथे जाणं आता टेकरीपुरतंच उरलं आहे. नवरात्रात दर्शन घ्यायचं, रोपवेनं खाली यायचं आणि संध्याकाळच्या आत घरी परतायचं. जुनं गाव तसंच राहून जातं. पुढच्या खेपेला दोन तास जास्त ठेवा, मुलांना बरोबर घ्या आणि पेठेतून पायी फिरा.

मात्र त्याआधी मुलांना एक गोष्ट सांगून ठेवावी लागेल, नाहीतर हे गाव त्यांना कळणार नाही. इथे राजवाडे दोन, दरबार दोन, असं का? कारण एकाच गावात दोन संस्थानांच्या राजधान्या होत्या. त्या शेजारी-शेजारी नव्हत्या, एकमेकींत मिसळलेल्या होत्या.

पहिल्या बाजीरावांच्या काळात मराठी फौजा माळव्यात उतरल्या. त्यांच्याबरोबर आलेल्या तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या भावांनी 1728 मध्ये देवासला बस्तान बसवलं. थोरल्याचा वंश ती थोरली पाती, धाकट्याचा ती धाकटी. पाती म्हणजे वाटा. सुरुवातीला कारभार एकत्र होता, 1841 पासून दोन्ही पात्यांनी तो वेगळा केला. पण राजधानी कोणी सोडायची? कोणीच सोडली नाही! विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदींनुसार थोरल्या पातीचं क्षेत्रफळ 446 चौरस मैल होतं आणि धाकटीचं 440. वाटणी किती काटेकोर होती ते यावरून दिसतं.

गावातल्या मुख्य रस्त्यावर तर याची कमाल होती. रस्त्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या राज्यांच्या कारभाराखाली होत्या. पाण्याची व्यवस्था वेगळी, दिवाबत्तीही वेगळी. समोरासमोर राहणाऱ्या दोन कुटुंबांचे महाराज निराळे. भाऊबंदकीत वाड्याच्या मधोमध भिंत घालणं आपल्याला नवं नाही. इथे भिंत न घालता दोन घराण्यांनी दोनशेवर वर्षं निभावलं, याचं मला अधिक कौतुक वाटतं. म्हणून देवासच्या जुन्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना पहिला प्रश्न विचारावा तो हाच : आपण कुठल्या पातीतले? गावातले हिंदीभाषक आजही ‘बड़ी पाँती’, ‘छोटी पाँती’ म्हणतात. आपल्या घरांतून मात्र हे शब्द जाऊ लागले आहेत.

या लहानशा गावाचं नाव दूरवर नेलं ते थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांच्या एका मित्रानं. हे तुकोजीराव कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये काही महिने त्यांचे खासगी सचिव म्हणून देवासला राहिले. त्या वर्षीची गोकुळाष्टमी गावातल्या जुन्या राजवाड्यात झाली. गोंगाट, गुलाल, रात्र-रात्र चाललेली भजनं आणि देवापुढे देहभान विसरलेले महाराज हे सगळं त्यांनी घरी पत्रांतून कळवलं. 1924 च्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीच्या शेवटच्या भागातला जन्माष्टमीचा उत्सव त्यातूनच आला आणि त्यात तुकारामांचं नाव घेत भजन चालतं. केंब्रिजला शिकलेल्या साहेबाच्या कादंबरीत तुकोबा पोचले ते देवासमार्गे. पुढे 1953 मध्ये त्या पत्रांचं ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक झालं. त्यात थट्टा बरीच आहे, मायाही तितकीच आहे.

गाण्याचं म्हणाल, तर उस्ताद रजब अली खाँ इथलेच. लताबाईंना शिकवणारे अमानत खाँ ‘देवासवाले’ म्हणूनच ओळखले जात. आणि 1948 मध्ये, दोन्ही संस्थानं मध्यभारतात विलीन झाली त्याच वर्षी, बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व क्षयानं आजारी होऊन हवापालटासाठी देवासला आले. काही वर्षं गाणं बंद होतं. अंथरुणावर पडून कानावर आलेली माळवी लोकगीतं त्यांच्या गाण्यात कायमची उतरली. बरे झाल्यावरही ते परत गेले नाहीत. 1992 मध्ये त्यांचं निधन झालं तेही इथेच.

त्यानंतरचं देवास आपल्याला माहीत आहे. कारखाने आले, 1974 मध्ये बँक नोट प्रेस सुरू झाली, वस्ती आग्रा-मुंबई रस्त्याच्या अंगानं पसरत गेली. नोकऱ्या मिळाल्या, हे चांगलंच झालं. पण जुन्या गावातले वाडे एकेक करून विकले जाताहेत. लाकडी खांब, कोरीव तुळया निघतात आणि खाली दुकानं, वर गोदाम अशी इमारत उभी राहते. वारस पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात. त्यांना दोष कसा द्यायचा? गळकं छप्पर लांबून शाकारता येत नाही. पण वाडा रिकामा करताना माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याला देण्याआधी उघडून पाहा. मोडीतले कागद, सनदा, दरबारी निमंत्रणं, जमाखर्चाच्या वह्या यांवर कुठल्या दरबाराचा शिक्का आहे ते बघा. आपलं घर रस्त्याच्या कुठल्या बाजूचं होतं, हे त्यावरून कळू शकतं. वाडा पाडायचाच असेल, तर आधी त्याचे फोटो काढून ठेवा.

फिरून झालं की टेकरीवर जा, पण या वेळी पायऱ्यांनी. वर देवीही दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा. गावकऱ्यांच्या भाषेत बडी माता आणि छोटी माता. दोघी बहिणी, असं गाव मानतं. दर्शन झाल्यावर खाली पाहा. जुनं गाव टेकरीला अगदी लगटून आहे आणि कारखाने पार पलीकडे. पायथ्याशी कुमारजींचं ‘भानुकुल’ आहे. उतरताना ती वाट धरा.