लापॅकची छुपी लांबी

पायथन किंवा आर भाषेत समीकरणं सोडवायला घेतली, की ते काम बहुधा लापॅकच्या गळ्यात पडतं. ही लायब्ररी १९९२ची. तिची भाषा फोरट्रान, तीही १९५७ची. दोघांच्या मधली दुभाषी म्हणजे सी भाषा.

फोरट्रानमधल्या फंक्शनला एखादं अक्षर द्यायचं, तर त्याची लांबीही शेवटी गुपचूप पाठवावी लागते. सीमध्ये लिहिणाऱ्या अनेकांनी ती वर्षानुवर्षं पाठवलीच नाही. एका अक्षराची लांबी ती काय सांगायची! खपूनही गेलं.

२०१९मध्ये मात्र जीफोरट्रान या फोरट्रानच्या कंपायलरच्या नव्या आवृत्तीनं काटकसर म्हणून त्या लांबीसाठीची स्टॅकवरची (मेमरीतली) जागा हक्काची समजून पुन्हा वापरली. तिथं भलताच डेटा होता. तो पुसला गेला आणि आरमधली काही पॅकेजं कोसळली.

चूक सीवाल्यांची. नमतं घेतलं ते जीफोरट्राननं: ही काटकसर रोखणारा पर्याय त्यात आला.