वर्गातला अभ्यास, देशाचे चिन्ह

दूरदर्शनच्या प्रसारणाच्या आरंभी दोन वळणदार आकार पडद्यावर फिरत येत आणि मधल्या गोलाभोवती स्थिरावून डोळ्याचे रूप धारण करीत. पार्श्वभूमीला पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांनी बांधलेली धून वाजत असे. एका संपूर्ण पिढीच्या स्मरणात राहिलेले हे चिन्ह कोणा मोठ्या जाहिरात संस्थेने घडवलेले नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकणाऱ्या देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याच्या वर्गातल्या अभ्यासातून ते जन्माला आले. पुढे साडेतीन दशकांनी, १५ जुलै २०१० रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने रुपयाच्या चिन्हाला मान्यता दिली. त्याचे निर्माते डी. उदयकुमार हेही त्या वेळी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक डिझाइन केंद्रात, म्हणजे आयडीसीत, पीएच.डी.चे संशोधन करणारे विद्यार्थीच होते.

देशाच्या दोन अतिपरिचित खुणा विद्यार्थ्यांच्या हातून घडाव्यात, याला योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु ग्राफिक डिझाइनच्या शिक्षणात विद्यार्थ्याकडून नेमके काय करवून घेतले जाते, हे पाहिले तर त्यामागची कारणे दिसू लागतात.

हे शिक्षण आपल्याकडे नवे नाही. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला. त्यातूनच पुढे उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था उभी राहिली. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालाच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली, तर पवईचे औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ चे. या संस्थांची घडण वेगवेगळी असली तरी एक गोष्ट समान आहे. येथे व्याख्यानांपेक्षा प्रकल्पांना महत्त्व असते. विद्यार्थी शिकून मग काम करीत नाही. काम करता करता शिकतो.

आरंभीचे प्रकल्प बाहेरच्या माणसाला पोरखेळ वाटावेत इतके साधे असतात. काळ्या कागदाचे चौकोन द्यायचे आणि ते पांढऱ्या कागदावर अशा रीतीने मांडायला सांगायचे, की पाहणाऱ्याला ‘गर्दी’ किंवा ‘एकाकीपण’ जाणवावे. रंग नाही, चित्र नाही, शब्दही नाही. या अभ्यासात विद्यार्थ्याला प्रथमच कळते की, आकाराइतकीच त्याच्या भोवतीची मोकळी जागाही बोलत असते. नंतर अक्षरांची पाळी येते. बोरूने किंवा कट निबने ‘क’ वीस वेळा काढायचा, लेखणीचा कोन बदलला की रेघेची जाडी कोठे वाढते आणि कोठे घटते ते न्याहाळायचे, मग तेच अक्षर फूटभर मोठे करून त्याच्या पोटातील पोकळी रंगवायची. अक्षर ही ओळखीची वस्तू राहत नाही, ती बांधणी होऊन समोर येते.

बोधचिन्हाचा प्रकल्प बहुधा यानंतर हाती दिला जातो. एखादे ग्रंथालय, एखादी सहकारी दूधसंस्था किंवा शहरातील बससेवा असा विषय असतो आणि पन्नाससाठ कच्ची रेखाटने अपेक्षित असतात. पहिली दहा सर्वांची सारखीच येतात. ग्रंथालय म्हटले की उघडे पुस्तक आणि दूध म्हटले की गाय! खरे काम त्यानंतर सुरू होते. रेखाटने भिंतीवर टाचली जातात, शिक्षक आणि सहाध्यायी त्यांवर बोलतात, आणि ही चर्चा नेहमीच सौम्य असते असे नाही. निवडलेले चिन्ह केवळ काळ्या-पांढऱ्यात उभे राहते का, टपाल तिकिटाच्या कोपऱ्यात मावेल इतके लहान केले तर ओळखू येते का, ओबडधोबड छपाईत किंवा पत्र्याच्या फलकावरच्या रंगाऱ्याच्या हातून बिघडते का, अशा कसोट्या त्याला लावल्या जातात. रंगाची आणि छटांची मदत घेऊन दुबळा आकार सावरण्याची वाट विद्यार्थ्यासाठी जाणूनबुजून बंद ठेवलेली असते.

दूरदर्शनच्या चिन्हाकडे या दृष्टीने पाहिले की ते वर्गातल्या अभ्यासाचे अस्सल अपत्य ठरते. एक गोल आणि त्याला वेढणाऱ्या दोन वक्राकृती, इतकाच त्याचा ऐवज. भट्टाचार्य यांनी मानवी डोळा मनाशी धरून, चिनी परंपरेतील ‘यिन-यांग’ या जोडआकाराची आठवण देणारी रचना केली. आपण दूरचित्रवाणीसाठी चिन्ह काढत आहोत, याची कल्पना त्यांना त्या वेळी नव्हती. संस्थेच्या इतिहासातील नोंदीनुसार शिक्षकांची सहा आणि विद्यार्थ्यांची आठ अशी चौदा रेखाटने सरकारपुढे गेली आणि तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्यांतून या एकाची निवड केली. १९७६ साली दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले आणि हे चिन्ह त्याची ओळख बनले.

त्याला गती देण्याचे काम त्याच संस्थेतील आर. एल. मिस्त्री या दुसऱ्या विद्यार्थ्याने केले. संगणक हाताशी नव्हता. रेखाटनाच्या प्रती काढायच्या, त्या कॅमेऱ्याखाली थोड्या थोड्या फिरवत एकेक चौकट टिपायची आणि अखेर मूळ आकार जुळवून आणायचा, अशी ती कष्टाची पद्धत होती. प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले ते हे फिरणे, परंतु मिस्त्री यांचे नाव फारच थोड्यांना माहीत आहे. २०१७ साली प्रसार भारतीने नव्या चिन्हासाठी देशव्यापी स्पर्धा जाहीर केली होती. अखेर जुना आकारच कायम राहिला. २०२४ मध्ये डीडी न्यूजच्या चिन्हाचा रंग केशरी झाला, त्यावर वादही झाले, पण आकाराला कोणी हात लावला नाही.

रुपयाच्या चिन्हामागची वाट वेगळी आहे. उदयकुमार यांनी आधी चेन्नईत वास्तुकलेची पदवी घेतली आणि नंतर आयडीसीत दृश्यसंवादाचे पदव्युत्तर शिक्षण. तेथे प्राध्यापक जी. व्ही. श्रीकुमार यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ‘पराशक्ती’ नावाचा तमिळ टंक विद्यार्थी प्रकल्प म्हणून तयार केला. पुढे पीएच.डी.साठीही तमिळ मुद्राक्षरे हाच विषय निवडला. अर्थ मंत्रालयाने २००९ च्या मार्चमध्ये चिन्हाची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा अनेक वर्षांचा अक्षरांचा अभ्यास त्यांच्या हाताशी होता.

त्यांचे चिन्ह वरवर पाहता अगदी सोपे दिसते. देवनागरी ‘र’ आणि उभा दांडा वगळलेला रोमन ‘आर’ एकाच वळणात मिसळतात, वर शिरोरेषा येते आणि तिच्या खाली तिला समांतर दुसरी रेघ. दोन रेघांमधील पांढऱ्या पट्टीतून तिरंग्याचा भास होतो. या दोन रेघांत बरोबरीचे गणिती चिन्हही वाचता येते. शिवाय येन, पौंड किंवा युरो यांच्या चिन्हांप्रमाणे आडव्या रेघेची खूण असल्याने हे चलनाचे चिन्ह आहे हे परक्यालाही उमगते. येथे एक बाब विचार करण्याजोगी आहे. तमिळ लिपीला शिरोरेषा नसते. देवनागरीत वाढलेल्या माणसाला शिरोरेषा दिसेनाशी होते, इतकी ती सवयीची असते. दुसऱ्या लिपीच्या बारकाव्यांत मुरलेल्या विद्यार्थ्याने मात्र नेमकी तीच रेघ उचलली आणि तिला चिन्हाचा कणा केले. मार्च २०२५ मध्ये तामिळनाडू सरकारने आपल्या अर्थसंकल्पाच्या बोधचिन्हात या खुणेऐवजी तमिळ ‘रू’ वापरला, तेव्हा तिचा निर्माता तमिळभाषक असल्याची आठवण पुन्हा निघाली.

मंत्रिमंडळाच्या मान्यतेने चिन्हाचा प्रवास संपला नाही. ते लिहिता आले तरी संगणकावर टंकित करता येत नव्हते. ऑक्टोबर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र संकेतांक मिळाला, मग टंकांत आणि कळफलकांवर जागा मिळाली. २०११ पासून ते नाण्यांवर दिसू लागले.

अक्षरांचे प्रकल्प हा मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा विषय ठरावा. ग्राफिक डिझाइनचे बरेचसे पाठ्यसाहित्य रोमन लिपीभोवती लिहिलेले आहे. तिच्यात लहान-मोठी मिळून ५२ अक्षरे सांभाळली की टंकाचा सांगाडा उभा राहतो. देवनागरीत मुळाक्षरे, काना-मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे आकारांची संख्या काही शेकड्यांत जाते. मराठीचे आणखी काही हट्ट आहेत. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून निराळे. त्यांची रूपे महाराष्ट्र शासनाने २००९ साली निश्चित केली. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील ‘र’ हिंदी टंकात विसरला जाण्याची भीती असते. म्हणूनच या विषयाला हात घालणारा विद्यार्थी पूर्ण टंक एका सत्रात संपवू शकत नाही. तो सात-आठ अक्षरांपासून आरंभ करतो आणि त्यांतून बाकीच्या अक्षरांचा स्वभाव ठरवतो.

या क्षेत्रात महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. र. कृ. जोशी (१९३६-२००८) हे जे. जे.मध्ये शिकले, जाहिरात व्यवसायात नावारूपास आले आणि नंतर आयडीसीत शिक्षक झाले. विंडोज संगणकांतून घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचाच. सुलेखनकार अच्युत पालव यांनी जे. जे.मधील शिक्षणानंतर लगेचच, १९८० च्या दशकाच्या आरंभी, शिष्यवृत्तीवर मोडी लिपीतील हस्तलिखितांचा अभ्यास केला. मोडी आणि देवनागरी यांच्या मिलाफातून त्यांची ‘मुक्त लिपी’ आकाराला आली. मोडी वाचणारे विरळ होत असताना, तिचे वळण एका तरुणाच्या अभ्यासातून भित्तिचित्रांवर आणि मुखपृष्ठांवर परत आले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या समूहाने ‘मुक्ता’सारखे टंक विनामूल्य खुले केले आहेत, आणि आज अनेक विद्यार्थ्यांचे मराठी प्रकल्प त्यांच्याच आधारावर उभे राहतात.

प्रकल्प वर्गाबाहेर गेला, की प्रश्न उभा राहतो तो मोबदल्याचा आणि श्रेयाचा. अमेरिकेतील पोर्टलंड येथे ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या कॅरोलिन डेव्हिडसन यांना १९७१ साली नायकी कंपनीच्या चिन्हासाठी ३५ डॉलर मिळाले. कंपनीने पुढे १९८३ मध्ये त्यांना समभाग देऊन उपकाराची फेड केली. पुनर्वापराचे तीन बाणांचे चिन्ह गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने १९७० साली एका स्पर्धेसाठी काढले होते. ते आज जगातल्या असंख्य वेष्टनांवर छापले जाते. रुपयाच्या स्पर्धेत विजेत्याला अडीच लाख रुपये मिळाले, परंतु तीन हजारांहून अधिक प्रवेशिकांपैकी बहुतेकांच्या वाट्याला काहीच आले नाही. स्वच्छ भारत अभियानाचे चष्म्याचे बोधचिन्हही २०१४ साली खुल्या स्पर्धेतूनच निवडले गेले. त्याचे निर्माते कोल्हापूरचे अनंत खासबारदार, मात्र ते विद्यार्थी नव्हते, मुरलेले व्यावसायिक होते.

स्पर्धा विद्यार्थ्याला मुदत पाळायला आणि अनोळखी परीक्षकापुढे उभे राहायला शिकवतात, हे खरेच. पण स्वस्तात काम उरकण्याचा मार्ग म्हणून जेव्हा एखादी संस्था बोधचिन्हाची स्पर्धा लावते, तेव्हा हरलेल्या शेकडो जणांचे श्रम फुकट वापरले जातात, याकडे व्यावसायिक डिझाइनकार वारंवार लक्ष वेधतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. अशा कामातून वर्गातली चर्चाही हरवते. गिऱ्हाईक कोण, त्याला काय हवे, पहिला आराखडा का नाकारला गेला, याचे उत्तर स्पर्धकाला कधीच कळत नाही.

या बाबतीत कायद्याची थोडी माहिती विद्यार्थ्याला असणे आवश्यक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार वेगळा करार नसल्यास कलाकृतीच्या हक्काचा पहिला मालक सामान्यतः तिचा कर्ताच असतो. नोकरीत असताना किंवा मोबदला घेऊन केलेल्या काही कामांना अपवाद आहेत. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि स्वाक्षरीसह द्यावे लागतात. लेखात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. स्पर्धेचा अर्ज भरताना ज्या बारीक अक्षरांतील अटींवर डोळे मिटून सही केली जाते, त्यांत बहुधा हेच हक्क कायमचे सोडून दिलेले असतात. मात्र हक्क विकल्यानंतरही कृती आपली आहे असे सांगण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या ५७व्या कलमाने कर्त्याकडे राखून ठेवला आहे.