बालपणीची लस आणि रुग्णसेवकांचे संरक्षण

सावनेरच्या ग्रामीण रुग्णालयापासून नागपूरच्या मेडिकलपर्यंत, जेथे जेथे सुई आहे तेथे तेथे ती परिचारिकेच्या किंवा सफाई कामगाराच्या बोटात रुतण्याचे भय आहे. सुईवरील रक्त बी प्रकारच्या काविळीच्या रुग्णाचे असेल आणि टोचलेली व्यक्ती असंरक्षित असेल, तर रोग जडण्याची शक्यता शंभरात ३० पर्यंत जाऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत हेच प्रमाण हजारात सुमारे ३ आहे.

या काविळीची लस भारतात २००२ मध्ये निवडक शहरांत व जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०११ नंतर देशभर नियमित लसीकरणात आली. त्या काळातील बाळे आता परिचर्या व वैद्यकीय अभ्यासक्रमांच्या उंबरठ्यावर आहेत. पाळण्यात घेतलेली लस त्यांना रुग्णसेवेत पुरेल काय?

लसीने निर्माण झालेली प्रतिपिंडे कालांतराने घटतात; जन्मतःच लस घेतलेल्यांत ती अधिक लवकर घटतात. विशीत तपासणी केली तर अनेकांची पातळी १० या किमान मर्यादेखाली आढळते. परंतु पातळी उतरली म्हणजे संरक्षण संपले, असे नव्हे. शरीरातील स्मृतिपेशी विषाणूला ओळखतात, आणि या रोगाचा अधिशयनकाल काही आठवड्यांपासून महिन्यांचा असल्याने त्यांना सज्ज होण्यास अवधी मिळतो. अलास्कात १९८१ मध्ये लस घेतलेल्यांची ३० वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा सुमारे निम्म्यांचीच पातळी टिकली होती. तरीही ९० टक्क्यांहून अधिक जण संरक्षित असल्याचा निष्कर्ष निघाला.

सर्वसामान्य नागरिकाला एवढा दिलासा पुरेसा आहे. रोज रक्ताशी गाठ पडणाऱ्याला नाही. लसीला मुळीच प्रतिसाद न देणारे थोडे लोक असतातच. म्हणून सेवेत येतानाच तपासणी करावी, पातळी कमी असल्यास एक मात्रा द्यावी आणि एक-दोन महिन्यांनी पुन्हा तपासावे. पातळी वाढली तर स्मृती शाबूत आहे. न वाढल्यास लसीचा क्रम पूर्ण करावा.

२०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांचे लसीकरण अंतर्भूत आहे. मात्र लस देणे आणि ती लागू पडली की नाही हे पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणीचा खर्च एकदाच येतो; यकृताच्या जुनाट रोगाचा खर्च कुटुंबाला जन्मभर पुरतो. तो एकदाचा खर्च संस्थेने सोसावा, आणि कंत्राटी सफाई कामगाराला त्यातून वगळू नये. सुई हुद्दा पाहून टोचत नाही.