फळीची गाडी थेट संग्रहालयात

लहानपणी फळीला बेअरिंग लावून केलेली गाडी तुम्हीही उतारावरून सोडली असेल. पुढे तिचं काय झालं? बहुतेक बंबात गेली! अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात मात्र मुलांच्या अशा जुन्या गाड्या संग्रहालयात जपल्या आहेत.

१९३३ साली त्याच राज्यातल्या डेटनमध्ये वृत्तपत्र छायाचित्रकार मायरन स्कॉट यांना काही मुलं घरी बनवलेल्या गाड्या पळवताना दिसली. त्यांनी शर्यतच भरवली. पुढच्या वर्षी ती देशपातळीवर गेली आणि १९३५ पासून अ‍ॅक्रनला होऊ लागली. नाव ‘सोप बॉक्स डर्बी’, म्हणजे साबणाच्या खोक्यांची शर्यत. इंजिन नाही, पेडल नाही. उतार नेईल तशी गाडी धावणार. मुलींना प्रवेश मिळायला मात्र १९७१ उजाडलं.

गाडी मुलानेच बांधायची, हा मूळ नियम. पण मोठ्यांना राहवतं कुठे? १९७३ च्या विजेत्या गाडीच्या नाकात चक्क विद्युतचुंबक सापडलं! सुरुवातीचा लोखंडी अडसर खाली पडताना चुंबकामुळे गाडीही पुढे ओढली जायची. चौदा वर्षांच्या मुलाचं विजेतेपद काढून घेतलं गेलं. चुंबक बसवायचा सल्ला दिला होता त्याच्या काकांनी.